छतावरचे ८४ जण: लंडनमधल्या एका मांडणशिल्पाचं प्रकरण

२६ मार्च २०१८, सोमवार. लंडनमध्ये थेम्स नदीच्या दक्षिण काठावर, ज्याला तिथे साउथ बँक म्हणतात, आयटीव्ही या दूरचित्रवाहिनीची उंच इमारत होती. त्या सकाळी कामावर निघालेल्या लोकांनी मान वर केली, तर छताच्या कडेला माणसं उभी. एक-दोन नाहीत, ८४. अंगात साधे रोजचे कपडे, डोक्यावर हुडीची टोपी पुढे ओढलेली, चेहरा कुणाचाच दिसत नाही. ते पुतळे होते. पार्सलला लावतात त्या चिकटपट्टीचे.

ही मांडणी 'कॅम्पेन अगेन्स्ट लिव्हिंग मिझरेबली' या ब्रिटिश संस्थेची होती. संस्थेचं मूळ १९९७ सालचं. मँचेस्टरमध्ये तरुण पुरुषांसाठी प्रायोगिक हेल्पलाइन सुरू झाली आणि पुढे २००६ मध्ये तिची स्वतंत्र धर्मादाय संस्था झाली. 'प्रोजेक्ट ८४' हे मांडणीचं नाव. ब्रिटनमध्ये त्या काळात आठवड्याला सरासरी ८४ पुरुष आत्महत्या करत होते आणि ४५ वर्षांखालच्या पुरुषांच्या मृत्यूचं ते सर्वांत मोठं कारण होतं. पुतळे घडवले मार्क जेंकिन्स या अमेरिकन कलाकाराने आणि त्याची सहकारी सांड्रा फर्नांडेझ हिने. मोहिमेची आखणी एका जाहिरात संस्थेची, पाठबळ दाढीचं सामान विकणाऱ्या एका कंपनीचं. आयटीव्हीच्या सकाळच्या कार्यक्रमाने आठवडाभर हा विषय लावून धरला. प्रत्येक पुतळा एका खऱ्या, मरण पावलेल्या पुरुषासाठी होता आणि त्या-त्या माणसाची हकीकत संकेतस्थळावर वाचायला ठेवली होती.

या कामावर जे लिहिलं-बोललं गेलं, ते बहुतेक छताबद्दल. तिथे उभे केलेले पुतळे किती हादरवतात, तसं हादरवावं का, वगैरे. माझ्या मते या कामाचा जीव छतावर नव्हताच. तो होता पुतळे जिथे घडले तिथे, आणि रस्त्यावरून जे दिसत होतं ते त्याच्या जवळजवळ उलट होतं. हे प्रकरण तपशिलात बघण्यासारखं आहे ते त्यामुळे.

चिकटपट्टीचं अंग

जेंकिन्सची पद्धत त्याची स्वतःची आणि बरीच जुनी. २००३ च्या सुमारास रिओ द जानेरोमध्ये राहत असताना तो पारदर्शक पट्टीशी खेळायला लागला. पुढे शहराशहरांतून त्याने पट्टीची बाळं ठेवली, मग कपडे घातलेली पूर्ण माणसं. लोकांना ती खरी वाटावीत आणि क्षणभर त्यांचा गोंधळ उडावा, हाच त्याच्या कामाचा खेळ असतो.

करायचं असं: एखादा पुतळा किंवा जिवंत माणूस साचा म्हणून उभा करायचा. पट्टीचा पहिला थर उलटा लावायचा, म्हणजे गोंदाची बाजू बाहेर, आत काही चिकटू नये म्हणून. त्यावर सुलटे थर, एकावर एक. थर वाढले की पट्टी ताठ होते आणि अंगाचा आकार धरते. मग कात्रीने एका बाजूने चिरायचं, कवच अलगद काढून घ्यायचं, चीर पुन्हा पट्टीने सांधायची. हातात येतं ते पोकळ, काचेसारखं आरपार आणि वजनाला अगदी हलकं. त्यावर शर्ट-पँट चढवली, टोपी ओढली, की लांबून कुणीही फसेल.

हे काम माणसावर करायचं झालं तर एकट्याने होत नाही. ज्याला गुंडाळायचं त्याला ताटकळत उभं राहावं लागतं, कोपर हललं तर सुरकुती पडते. गुंडाळणाऱ्याला मधूनमधून विचारावंच लागतं: घट्ट होतंय का, श्वास घेता येतोय ना, खाज सुटली का? कात्री फिरवताना तर एकाने आपलं अंग दुसऱ्याच्या हाती सोपवलेलं असतं. एरवी पुरुष एकमेकांच्या इतक्या जवळ येतात ते जखमेवर पट्टी बांधताना, नाहीतर कुस्तीत.

'प्रोजेक्ट ८४'मध्ये गेलेल्या पुरुषांचे मित्र आणि घरचे लोक घडवण्याच्या कामात सामील झाले होते. ही गोष्ट बातम्यांमध्ये एका वाक्यात उरकली गेली. माझ्या दृष्टीने ती सगळ्यात मोठी आहे, कारण हात कामात असले की तोंड उघडतं. समोरासमोर खुर्च्या टाकून 'बोल आता' म्हटलं की जो गप्प होतो, तोच पट्टीचं टोक शोधता शोधता सगळं सांगून मोकळा होतो. स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये, शेताच्या बांधावर हे रोज घडतं. त्यासाठी अभ्यासाची गरज नाही.

अशा कामाला एक पूर्वजही आहे. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर एड्सने गेलेल्यांच्या नावांची गोधडी अंथरली होती. १,९२० तुकडे, प्रत्येक ३ फूट बाय ६ फूट, साधारण एका कबरीएवढा. ते बरेचसे मित्रांनी आणि जोडीदारांनी शिवले होते. कित्येकांच्या घरच्यांनी तोंड फिरवलं होतं, काहींचे अंत्यविधीही धड झाले नव्हते. तिथेही बघणाऱ्याच्या डोळ्यांत भरायचा तो विस्तार, पण गोधडीने खरं काम केलं ते शिवणाऱ्यांसाठी.

मित्रांचा मुद्दा मी मुद्दाम लावून धरतोय. कुणी गेलं की घरच्यांना भेटायला माणसं येतात, डबे येतात, रजा मिळते. मित्राला सुतक नसतं. तो दुसऱ्या दिवशी कामावर हजर असतो आणि त्याने तसं असावं, अशीच अपेक्षा असते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी २०१६ मध्ये १८ ते ४० वयाच्या ३,४३२ जणांची पाहणी प्रसिद्ध केली. हे सगळे ब्रिटनमधल्या विद्यापीठांतले विद्यार्थी आणि कर्मचारी होते आणि प्रत्येकाने जवळचं कुणीतरी गमावलं होतं. ज्यांचं माणूस आत्महत्येने गेलं होतं, त्यांनी पुढे स्वतः तसा प्रयत्न केल्याची शक्यता नैसर्गिक मृत्यूने माणूस गमावलेल्यांपेक्षा ६५ टक्क्यांनी जास्त निघाली. गेलेला माणूस रक्ताच्या नात्यातला आहे की नाही, याने फरक पडला नाही. म्हणजे मित्राचं दुःख दुय्यम दर्जाचं नसतं. धोका त्यालाही तेवढाच. मित्रांना कात्री आणि पट्टी हातात देऊन एका खोलीत आणणं, ही नुसती कलेची सोय नव्हती. नकळत का होईना, ते धोक्यातल्या माणसांपर्यंत पोचणं होतं.

आकडा आणि माणूस

८४ ही सरासरी आहे. असा एखादा नेमका आठवडा शोधायला गेलात तर सापडणार नाही. वर्षाची बेरीज ५२ ने भागली की हा आकडा येतो. संस्थेने या भागाकाराला ८४ खरी नावं जोडली. त्यातले पुरुष वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गावी गेलेले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने ही सरमिसळ आहे, पण मला ती खटकत नाही. आकडा वस्तूंमध्ये उतरवायची रीत ब्रिटनमध्ये रुळलेली आहे. २०१४ मध्ये टॉवर ऑफ लंडनच्या खंदकात पहिल्या महायुद्धातल्या मृत सैनिकांसाठी ८,८८,२४६ मातीची लाल फुलं रोवली होती. तिथे प्रत्येक फूल म्हणजे एक माणूस, मात्र कुठलं फूल कुणाचं ते ठरलेलं नव्हतं. इथे ते ठरलेलं होतं.

खटकतं ते दुसरंच. नावं ठरलेली असूनही पुतळे सगळे एकसारखे दिसले. हुडी, टोपी, खाली गेलेली मान. चेहरा झाकण्यामागे दोन कारणं असावीत. एक तर पट्टीच्या पुतळ्याला चेहरा देणं अवघड आणि तो दिला तर कुटुंबाला सोसला नसता. दुसरं, कुणीही असू शकतो हे सुचवायचं असेल. पण जो मित्र सगळ्या वर्गाला हसवायचा, जो उगाच शिट्टी वाजवत चालायचा, जो भर उन्हाळ्यात स्वेटर घालायचा, त्याची जागा एका तरुण, अंधाऱ्या, थोड्या भीतिदायक आकृतीने घेतली. शिवाय तरुण तरी का? २०१७ च्या सरकारी आकडेवारीत ब्रिटनमध्ये पुरुषांच्या आत्महत्यांचं प्रमाण सर्वांत जास्त होतं ते ४५ ते ४९ या वयोगटात, दर लाखामागे २४.८. हप्ते फेडणारा, मुलांना शाळेत सोडणारा, पोट सुटलेला माणूस त्या छतावर डोळ्यांना दिसत नव्हता. त्याची गोष्ट संकेतस्थळावर असेलही, पण रस्त्यावरून जाणाऱ्याने ती शोधून वाचायची होती.

छताची अडचण

साउथ बँकवरच्या छतांवर पुतळे दिसण्याची ही पहिली वेळ नव्हती. २००७ मध्ये अँटनी गॉर्मली या शिल्पकाराने हेवर्ड गॅलरीतल्या प्रदर्शनाचा भाग म्हणून आपल्याच शरीराचे ३१ ठसे आसपासच्या इमारतींवर उभे केले होते. त्यांचा आत्महत्येशी काही संबंध नव्हता. शहर, क्षितिज, बघणारा आणि बघितला जाणारा, असा त्यांचा विचार. तरी २०१० मध्ये तेच पुतळे न्यूयॉर्कला गेले तेव्हा तिथल्या पोलिसांना लोकांना आधीच सांगावं लागलं की छतावर दिसतात ते पुतळे आहेत. हाँगकाँगमध्ये २०१४ मध्ये एका बँकेच्या इमारतीवरून कर्मचाऱ्याचा मृत्यू झाला. त्याच इमारतीची मालक कंपनी पुतळ्यांच्या प्रदर्शनाची प्रायोजक होती. तिने अंग काढून घेतलं. प्रदर्शन लांबलं आणि अखेर २०१५ च्या नोव्हेंबरात लागलं. म्हणजे कलाकाराच्या मनात असो वा नसो, छताच्या कडेला उभी आकृती बघणाऱ्याला एकच गोष्ट सुचवते. जेंकिन्सने तर तीच सुचवायची ठरवली होती.

आणि इथे आक्षेप सुरू होतो. आत्महत्येचं चित्रण कसं करावं याबाबत बरंच ठोस माहीत झालेलं आहे. व्हिएन्नाची भुयारी रेल्वे १९७८ मध्ये सुरू झाली. काही वर्षांनी तिथल्या आत्महत्यांच्या बातम्या चवीने छापल्या जाऊ लागल्या आणि घटना वाढल्या. १९८७ मध्ये तज्ज्ञांनी पत्रकारांसाठी सूचना काढल्या: ठळक मथळा नको, पद्धत नको, जागेचं वर्णन नको. वृत्तपत्रांनी त्या पाळल्या. त्या वर्षाच्या उत्तरार्धात भुयारी रेल्वेतल्या घटना ७५ टक्क्यांहून जास्त घटल्या आणि पुढेही कमीच राहिल्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या माध्यमांसाठीच्या सूचनाही याच वळणाच्या आहेत. या मापाने पाहिलं तर उंच इमारतीच्या कडेला ८४ आकृत्या उभ्या करणं म्हणजे जे दाखवू नये म्हणतात तेच, शहरातल्या एका गजबजलेल्या जागी, आठवडाभर दाखवणं.

बाजूने बोलणारे म्हणतील, पुतळ्यांनी काही 'घडताना' दाखवलं नाही, सोबत हेल्पलाइनचा क्रमांक होता, माणसांच्या गोष्टी होत्या. खरं आहे. माहितीची दुसरी बाजूही आहे. २०१० मध्ये थॉमस नीडरक्रोटेनथालर आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रियातल्या बातम्यांचा अभ्यास करून दाखवलं की माणूस आत्महत्येच्या विचारात अडकला आणि त्यातून बाहेर आला, अशा हकिकती छापून आल्या तर त्यानंतर आत्महत्या घटलेल्या दिसतात. या परिणामाला त्यांनी पापागेनो हे नाव दिलं. मोत्झार्टच्या १७९१ च्या ऑपेरातला हा पाखरं पकडणारा. प्रेयसी मिळणार नाही असं वाटून तो जीव द्यायला निघतो, तेव्हा तीन मुलं येतात आणि त्याला आठवण करून देतात: तुझ्याकडे घंटा आहे, ती वाजव की! उपदेश नाही, रडारड नाही. विसरलेली एक वस्तू आठवून देणं, बस्स. मित्र बहुतेक वेळा एवढंच करू शकतो आणि पुष्कळदा तेवढं पुरतं.

या दोन टोकांमध्ये 'प्रोजेक्ट ८४' कुठे बसतं? माझा कौल आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूने पडतो, पण कारण थोडं वेगळं आहे. अनुकरणाची भीती रास्तच. त्याखेरीज छत बघणाऱ्याला चुकीच्या जागी उभं करतं. तुम्ही खाली, तो कित्येक मजले वर. तुम्ही करू शकता असं एकच: पोलिसांना फोन, नाहीतर मोबाइलवर फोटो. नैराश्यात बुडत चाललेल्या माणसाजवळ त्याचे मित्र जिथे असतात, ती जागा ही नव्हे. मित्र शेजारच्या टेबलावर असतो, फोनच्या दुसऱ्या टोकाला असतो, 'येतो रे पुढच्या आठवड्यात' म्हणून न येणाऱ्याची वाट बघत असतो. छताच्या कडेपर्यंत पोचण्याआधीचे महिने मित्राच्या हाती असतात आणि ते महिने या मांडणीत कुठेच नव्हते. ते होते कार्यशाळेत, पट्टी गुंडाळणाऱ्यांच्या बोलण्यात.

त्यातून काय झालं

सोबत एक अर्ज होता. भाऊ गमावलेल्या एका तरुणाने सुरू केलेला. मागणी एकच: आत्महत्या रोखण्याची जबाबदारी सरकारातल्या एका मंत्र्यावर टाका. अर्जावर लाखोंनी सह्या झाल्या. १० ऑक्टोबर २०१८, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, पंतप्रधान थेरेसा मे यांनी जॅकी डॉयल-प्राइस यांच्याकडे हे काम सोपवल्याचं जाहीर केलं. समॅरिटन्स या संस्थेची हेल्पलाइन पुढची चार वर्षं मोफत राहावी म्हणून १८ लाख पौंडांपर्यंत मदतही जाहीर झाली. जानेवारी २०१९ मध्ये सरकारच्या सगळ्या खात्यांनी मिळून करायच्या कामांचा आराखडा आला. जुलै २०१९ मध्ये पंतप्रधान बदलले, मंत्रीही बदलल्या आणि काम नदीन डॉरिस यांच्याकडे गेलं. पदाच्या नावात रुग्णसुरक्षाही जोडली गेली. पद टिकलं, त्याची पाटी मात्र लांबत गेली. सरकारी पदांचं असंच असतं.

पुतळ्यांमुळे आत्महत्या कमी झाल्या का, हा प्रश्न अनेकांनी विचारला. त्याचं उत्तर आकड्यांतून काढू नये, कारण त्याच वर्षी मोजपट्टीच बदलली. इंग्लंड आणि वेल्समध्ये मृत्यू आत्महत्येने झाला की नाही हे कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी, ठरवतो. जुलै २०१८ पर्यंत त्यासाठी फौजदारी खटल्याइतका, म्हणजे शंकेला जागा उरणार नाही इतका पुरावा लागायचा. उच्च न्यायालयाच्या निकालानंतर 'तसं असण्याची शक्यता जास्त' एवढं पुरेसं ठरलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते उचलून धरलं. ब्रिटनमध्ये २०१७ मध्ये ५,८२१ आत्महत्या नोंदल्या गेल्या होत्या, २०१८ मध्ये ६,५०७. ही वाढ खरी किती आणि मोजण्यातली किती, हे एका वर्षाच्या आकड्यावरून सांगता येत नाही. त्यातही तिथे मृत्यूची नोंद चौकशी संपल्यावर होते, म्हणजे कित्येक महिने उशिरा. २०१८ च्या यादीतले बरेच जण छतावर पुतळे चढण्याआधीच गेलेले होते. या आकड्यांवरून मांडणी फसली म्हणणारा आणि यशस्वी झाली म्हणणारा, दोघंही हवेत बाण मारतात.

राजकीय परिणामाचं श्रेय तिला द्यावंच लागेल. ८४ आकृत्यांचा फोटो एकदा डोळ्यांसमोर आला की मंत्र्याला 'बघू, विचार करू' म्हणणं जड जातं. माझ्या मते ही मांडणी प्रत्यक्षात मंत्रालयाला उद्देशून होती, रस्त्यावरच्या माणसाला उद्देशून नव्हती. हा दोष नव्हे. फक्त मग तिला मैत्रीची किंवा मदतीची मांडणी म्हणू नये.

चार वर्षांनी, नजरेच्या उंचीवर

जून २०२२ मध्ये याच संस्थेने याच साउथ बँकवर दुसरी मांडणी केली. साडेसहा फूट उंचीचे ५० फोटो, उघड्यावर, चालण्याच्या वाटेवर. सगळे हसरे चेहरे. कुणी पार्टीत, कुणी समुद्रावर, कुणी मुलाला कडेवर घेऊन. आधी काहीच लिहिलेलं नव्हतं. लोक थांबायचे, बघायचे, हसू परत द्यायचे. मग उलगडा झाला: यातला प्रत्येक जण आत्महत्येने गेला होता आणि हे त्यांचे शेवटच्या दिवसांतले फोटो होते. मित्रांच्या, घरच्यांच्या मोबाइलमधून आलेले.

पहिल्या मांडणीशी तुलना केली की हे जवळपास तिला दिलेलं उत्तर वाटतं. तिथे चेहरा झाकलेला, इथे चेहऱ्याशिवाय काही नाही. तिथे मृत्यूची जागा दाखवलेली, इथे तिचा मागमूस नाही. तिथे मान वर करायची, इथे नजरेला नजर. तिथे सगळे एकसारखे, इथे एकाच्या दातांत फट, एकाचे केस वाऱ्याने उडालेले. शिवाय स्त्रियाही होत्या. आणि हे फोटो मुळात मैत्रीच्या नजरेतून काढलेले होते. समोरचा हसतोय ते फोन धरलेल्या माणसाकडे बघून. म्हणजे प्रत्येक चौकटीत दोघे जण आहेत, एक दिसणारा आणि एक न दिसणारा. कलाकाराला ठरवून जे जमलं नसतं, ते या साध्या फोटोंमध्ये आपसूक आलेलं होतं.

तरी ही मांडणीही निर्दोष नाही. बघणाऱ्याला आधी हसवायचं आणि मग त्याच्या पायाखालची सतरंजी ओढायची, हा डाव आहे. ज्याने नुकतंच आपलं माणूस गमावलंय, तो त्या वाटेने गेला असेल तर त्याला हा डाव पेलला असेल का? आणि 'चेहऱ्यावरून कळत नाही' हा संदेश दुधारी आहे. मागे राहिलेल्या मित्राला तो थोडा दिलासा देतो: तुला दिसलं नाही, कारण दिसण्यासारखं नव्हतंच. पण ज्याचा मित्र आज अडचणीत आहे, त्याच्या मनात येईल, मग मी तरी काय करणार?

याचं उत्तर संस्थेने दिलं होतं: विचारा. इथे एक जुना गैरसमज आडवा येतो. आत्महत्येबद्दल थेट विचारलं तर नसलेला विचार डोक्यात घातल्यासारखं होईल, असं भल्याभल्यांना वाटतं. हे तपासलं गेलं आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या २,३४२ विद्यार्थ्यांवर झालेल्या एका प्रयोगात निम्म्यांना सर्वेक्षणात हे प्रश्न थेट विचारले, निम्म्यांना सुरुवातीला नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा की प्रश्न विचारल्याने त्रास किंवा तसे विचार वाढले नाहीत. आधीपासून नैराश्यात असलेल्या किंवा पूर्वी प्रयत्न केलेल्या मुलांना तर विचारल्यावर उलट थोडं हलकंच वाटलेलं दिसलं. तेव्हा 'काय रे, जीव द्यावासा वाटतो का कधी?' हे वाक्य उच्चारायला कठीण आहे, धोकादायक नाही. विचारल्यावर उत्तर ऐकून घ्यायची, त्याला एकटं न सोडायची आणि डॉक्टरपर्यंत सोबत जायची तयारी हवी. (भारतातल्या वाचकांसाठी: टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. मित्राची काळजी वाटणाऱ्यानेही लावावा.)

दोन्ही मांडण्यांमध्ये एक गट मात्र साफ वगळलेला आहे: आजारी असलेले आणि जगलेले. दोन्हीकडे प्रवेशाची अट मृत्यू हीच. मानसिक आजार असलेल्यांपैकी बहुसंख्य लोक आत्महत्या करत नाहीत. तसे विचार येऊन गेलेल्यांपैकीही बहुतेक जण जगतात, औषधं घेतात, मध्येच बंद करतात, पुन्हा सुरू करतात, आणि कुणीतरी त्यांना दर रविवारी फिरायला घेऊन जातं. पापागेनोचा अभ्यास नेमकं याच गोष्टी सांगाव्यात म्हणतो. त्या छतावर मावत नाहीत, कारण त्यांत एक निर्णायक क्षण नसतो. फोटोतही मावत नाहीत. त्या कंटाळवाण्या असतात. मित्र तिसऱ्यांदा भेट रद्द करतो आणि तुम्ही चौथ्यांदा ठरवता, याचा पुतळा कसा करणार?

करायचाच झाला तर जेंकिन्सची पद्धत फेकून द्यायचं कारण नाही. फक्त कार्यशाळा बाहेर आणावी लागेल. छताऐवजी चौकात, जमिनीवर, दोघादोघांच्या जोड्या, एकाने दुसऱ्याला गुंडाळलेलं, त्यातला एक आजारातून जाणारा आणि दुसरा त्याचा मित्र. कुठला कोण, हे सांगायचं नाही. खरी अडचण वेगळीच आहे. गेलेल्या माणसाची परवानगी घरचे एकदाच देतात. जिवंत माणूस आज हो म्हणेल आणि सहा महिन्यांनी नवी नोकरी लागली, लग्न ठरलं की माझं नाव काढा म्हणेल. ते काढावं लागेल आणि त्याची जोडी मांडणीतून उचलावी लागेल. म्हणजे असं मांडणशिल्प पूर्ण झालं, असं कधी म्हणता येणार नाही, आणि पैसे देणाऱ्या कंपनीला उद्घाटनाच्या दिवशी किती पुतळे असतील, तेही सांगता येणार नाही.